यादीतला चौथा शब्द

१० जानेवारी २००६, मंगळवार

आज सकाळी दहालाच उत्तरेश्वर अप्पा आमच्या कॉम्प्युटर सेंटरवर हजर! अप्पा म्हणजे समाजाच्या वधू-वर मंडळाचे सचिव. मेळावा बावीसला आणि स्थळांच्या माहितीचं पुस्तक अजून छापखान्यात गेलेलं नाही, त्यामुळे जिवाची नुसती तगमग. सेंटर चालवणाऱ्या राजेश्वर सरांच्या टेबलावर कच्ची प्रत आपटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं — 'वैवाहिक स्थिती : विधवा'.

"हे छापायचं न्हाई. मंगल कार्याचं पुस्तक हाय. लोक पान उलटताना तोंड वाकडं करतेत. ज्याला तसलं स्थळ चालतंय त्याला मी तोंडी सांगीन की."

मी म्हटलं, अप्पा, आपल्यात पुनर्विवाह चालतो ना? "चालतो की! न्हाई कोण म्हणतंय? पर छापायचं कशाला?" सर हसले. मला म्हणाले, "कावेरी, काढून टाक."

काढून टाकला. अर्धं मिनिट!

इथे जरा स्वतःची पाठ थोपटून घेते, कारण दुसरं कोण थोपटणार. आईला सांगायला गेलं तर म्हणते, "बरं झालं, जेव आता." मंडळाचं सगळं काम मी ब्राउझरमध्ये बांधलंय. नोंदणीचं पान, शोधायचं पान, दुरुस्तीचं पान, छापील पुस्तक — लहानमोठी चाळीस पानं. पण 'वैवाहिक स्थिती'ची यादी चाळीस वेळा नाही केली. एकदाच केली — एक अविवाहित, दोन घटस्फोटित, तीन विधुर, चार विधवा — आणि शेअर्डमध्ये, म्हणजे सगळ्या पानांच्या सामायिक कप्प्यात, ठेवून दिली. सगळी पानं तिथूनच उचलतात. एका जागी बदललं की चाळीस जागी बदलतं. सरांना हे समजावलं तेव्हा म्हणाले होते, म्हणजे घरात मिठाची बरणी एकच! हो, तसंच.

फक्त पुस्तकाच्या पानावर तो शब्द लपवता आला असता. पण त्याला अर्धा तास लागला असता, आणि अकराला लाईट जाणार होती. मूळ यादीतूनच चौथा शब्द उडवला. आळस म्हणा, हुशारी म्हणा.


२२ जानेवारी, रविवार

मेळावा पार पडला. मंडपात बसायला जागा नाही. मुली माईकसमोर येऊन नाव, शिक्षण, उंची सांगतात आणि आईकडे बघत खाली उतरतात. पुस्तकावर लोक तुटून पडले. माझं नाव शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, पण आहे!

पुस्तकात नऊ बायकांच्या नावापुढे 'वैवाहिक स्थिती' कोरी आली आहे. मला वाटलं होतं कुणी विचारेल. कुणीच विचारलं नाही. कोरं कुणाला दिसतच नाही.


१६ फेब्रुवारी, गुरुवार

अकराच्या आत तीन दुरुस्त्या उरकल्या. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली आहे, सर आज आणतो उद्या आणतो करतात.

शेवटची होती गंगासागर. सव्वीसची असेल, बालवाडीत शिकवते. बसस्टँडजवळच्या रविच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी नेहमी जाते, त्याची धाकटी बहीण. लग्नानंतर आठ महिन्यांत नवरा गेला म्हणे, अपघातात. पाच वर्षं झाली. "दादानं नवा मोबाईल घेतलाय ताई, त्यो नंबर टाका." बस, एवढंच बोलली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली. मी नंबर टाकला, सेव्ह केलं आणि पंखा थांबला. घाईत दोघी हसलो.


३० मार्च, गुरुवार, पाडवा

रवि पेढे घेऊन घरी! गंगासागरचं जमलं. माजलगावचं घर, किराण्याचं ठोक दुकान, मुलगा तीस वर्षांचा, पहिलंच लग्न. आमच्या साइटवरून प्रिंट काढून तेच आले होते.

"काई इचारलं न्हाई त्यांनी ताई! मागलं-पुढलं एक शबुद न्हाई. आमी बी काढला न्हाई. कशाला पुन्ना पुन्ना उगाळायचं? त्यांनी कागद वाचूनच आले म्हणल्यावर… लई मोठ्या मनाची मान्सं हायेत."

आईने गुढीपुढचा साखरेचा हार त्याच्या पोरीसाठी दिला. मी सरांना फोन करून सांगितलं की आपल्या कामाने एक संसार उभा राहतोय. मनातून फार मोठं वाटलं. एकोणतीसची झाले तरी माझं स्वतःचं काही जमेना, पण बाकीच्यांची लावून देते, असं आई परवा कुणाला तरी म्हणाली होती. म्हणू दे.


११ मे, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

चारच्या सुमाराला रवि सेंटरवर आला. क्लासची पोरं बसलेली. दारातूनच ओरडला — "काय लिवलंय तुमच्या कॉम्प्युटरात? काय लिवलंय, दाखवा मला!"

आज बस्ता होता. दोन्ही घरची माणसं कापडाच्या दुकानात, गादीवर शालूंचा ढीग. सासू स्वतः एक मोरपंखी शालू गंगासागरच्या खांद्यावर टाकून बघत होती. तेवढ्यात शेजारच्या गादीवरची एक बाई उठून आली. अंबाजोगाईची, गंगासागरच्या पहिल्या सासरच्या गल्लीतली. तिने हिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. "गंगासागर ना गं तू? बरं झालं माय. पुन्यांदा संसार मांडायलीस, लई बरं झालं." बाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मायेनेच बोलली बिचारी.

सासूने विचारलं, "पुन्यांदा म्हंजे?"

मग काय व्हायचं ते झालं. भर दुकानात. मुलाच्या काकाने साइटचा प्रिंट खिशातून काढला आणि रविच्या छातीवर मारला. त्यावर लिहिलेलं — अविवाहित. "विधवा पोरगी कुमारिका म्हणून खपवायलाव व्हय बे?" माणसं उठून गेली. शालू तिच्या खांद्यावर तसाच. दुकानातल्या नोकराने येऊन काढून घेतला.

"आमी फॉर्मवर लिवून दिलतं ताई! माज्या हातानं लिवलंय म्या, विधवा म्हणून! तुमाला म्हाईत हाय ना?"

मी म्हटलं, बघते. एवढंच म्हटलं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी म्हटलं, बघते!


१२ मे, शुक्रवार

बघितलं. माझंच.

कसं झालं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःलाच फसवायला नको. यादीतून मी चौथा शब्द काढला. नोंदीत मात्र चार हा आकडा तसाच होता. दुरुस्तीचं पान उघडलं की ते चारला शब्द शोधतं. सापडत नाही. अशा वेळी काय दाखवायचं, याचा एक पर्याय असतो — जुनं आहे तसं दाखवा, किंवा नका दाखवू. मी 'नका दाखवू' ठेवलं होतं. कारण मागे एकदा त्या जागी नुसता आकडा दिसला आणि सर म्हणाले, घाण दिसतं. मग पान काय करतं? यादीतला पहिला शब्द उचलतं आणि तिथे बसवतं. अविवाहित. आपण नंबर बदलायला गेलेलो असतो, खाली सेव्ह दाबतो. नंबरही बदलतो, आणि चारचा एक होतो.

काही तुटत नाही, लाल अक्षरात काही येत नाही. मीच शेजारी बसून, हसत, दाबलंय ते.

सबंध दिवस क्लासच्या पोरांना टेबल कसं बनवायचं ते शिकवत होते.


१३ मे, शनिवार

रविच्या दुकानावरून जावं लागतं म्हणून लांबच्या रस्त्याने गेले. उन्हात. शरम वाटते लिहायला.


१५ मे, सोमवार

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे बघ कावेरी, कॉम्प्युटर चुकत नाही, भरणारा चुकतो, एवढंच बाहेर सांगायचं. दोन पतसंस्था आणि एक कॉलेज आपल्याकडे काम देणार आहेत. तुझ्या एका शब्दाने सगळं बसेल."

मी म्हटलं, सर, त्या घराला फसवणूक करणारे म्हणतायत. त्यांचा कागदी फॉर्म तर आहे ना? तो दाखवू.

सरांनी माझ्यासमोरच अप्पांना फोन लावला. कागदी फॉर्मची ट्रंक अप्पांच्या घरी असते. अप्पा म्हणाले, मेळाव्याच्या गडबडीत काही फॉर्म गहाळ झालेत. "सापडंना. बघतो." फोनवरच कळत होतं की ट्रंकेचं झाकणही उघडलेलं नाही. तो शब्द काढायला अप्पांनी सांगितलं होतं, हे अप्पांना आठवतंय. चांगलंच आठवतंय.

आणि मी? मला त्यांनी पुस्तकातून काढायला सांगितलं होतं. मुळातून मी काढला. दोष वाटून घ्यायचा म्हटला तर मोठा वाटा माझ्याच पदरात येतो. मी सरांना "बरं" म्हणून बाहेर आले. बरं! काय बरं?


१८ मे, गुरुवार

आई मठातून आली. मग स्वयंपाक करता करता म्हणाली, बायका बोलत होत्या. रविने म्हणे बहिणीला खपवायचा डाव टाकला होता. म्हणे पोरीला सगळं माहीत होतं, नवऱ्यामुलाकडे बघून लाजत होती कशी कुमारिकेसारखी. म्हणे बालवाडीत असली बाई ठेवायची का?

"असली म्हणजे कसली गं आई?"

"मी न्हाई म्हणत बाई. लोक म्हणायलेत."

गंगासागर आठ दिवस घराबाहेर आली नाही. रविची बायको दळण घेऊन गेली होती, गिरणीत कुणी तिच्याशी बोललं नाही.

आईला सांगावं वाटलं. तोंड उघडलं आणि म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे. लग्नाळू पोरीच्या नावाला असं काही चिकटलं की पुसत नाही, आणि मी तर त्या पोरीला दोनदा विधवा केल्यासारखं केलं. मी. जी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपलं नाव शोधत होते!


२१ मे, रविवार

ठरवलं. पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. तिथे उभं राहून सगळं सांगायचं. यादी, शब्द, अप्पा, मी, सेव्ह. नोकरी गेली तर गेली. आज पाच दिवसांनी पोटभर जेवले.

बोलायला हातात कागद हवा म्हणून डिसेंबरची बॅकअपची सीडी काढली आणि आजच्या नोंदींशी ताडून पाहिली. डिसेंबरात चार असलेल्या नऊ बायका. त्यातल्या सात अजूनही चार. त्यांच्या नोंदी मध्ये कुणी उघडल्या नाहीत, म्हणून वाचल्या. गंगासागरचा एक झालेला.

आणि अजून एकीचा.

सत्यभामा. वय एकतीस. मार्चमध्ये फोटो बदलायला आली होती, मला चेहरासुद्धा आठवत नाही. तिच्या नोंदीपुढे हिरव्या अक्षरात — विवाह जुळला. तेलगाव. लग्न सत्तावीस एप्रिलला झालंसुद्धा.

मी बैठकीत सगळं सांगितलं तर पहिला प्रश्न काय येणार? अजून कुणाकुणाचं असं झालंय? आणि लोक एकेक नोंद काढून बघणार.


२४ मे, बुधवार

आईला सांगितलं, तेलगावला मैत्रीण आहे. साडेनऊची एसटी. शेजारी कांद्याचं पोतं. सगळा रस्ता एकच घोकत होते — तिथे जाऊन काय म्हणणार आहेस?

दुकान सापडायला वेळ लागला नाही. पेंड, सरकी, दोरखंड, घुंगरमाळा. आत खाटेवर सासू भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली, आणि गल्ल्यावर ती. हिरवा चुडा अजून हातात. मी म्हटलं, घुंगरमाळ दाखवा. आमच्या घरी शेळीसुद्धा नाही!

सासूच माझ्याशी बोलली. कुठल्या, कुणाच्या, इकडं कावून — म्हणजे का — आलतीस. मग सुनेकडे हनुवटी करून म्हणाली, "आमची सून बी बीडाकडलीच. उशिरा झालं लगीन, चांगलं स्थळ मिळंना म्हणून थांबली व्हती. पर पोरगी गुणाची हाय."

घुंगरमाळ घेऊन थांब्यावर आले. दहा मिनिटांत ती मागून, पदर सावरत, धापा टाकत.

"तुमी मंडळाच्या कॉम्प्युटरवाल्या ना? वळखलं मी. फोटो द्यायला आलते तुमच्याकडं."

मी हो म्हटलं.

"कशाला आलाव?"

मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, चूक झाली माझ्याकडून, ते कसं झालं ते सांगायला…

तिने माझं मनगट धरलं. चुडा वाजला. "कसं झालं ते मला नगं सांगू. मालकांना म्हाईत हाय. पैल्याच दिवशी सांगितलं मी. ते म्हणले, आईला नगं कळू द्यायला, तिचं हार्टाचं हाय. सासूला कळलं तर ती खाईना-पिईना व्हईल, मंग मालक तरी किती दिस माज्या बाजूनं ऱ्हातेल?" मग हळूच म्हणाली, "पाच घरं हिंडलेय ताई मी. एवढं ऱ्हाऊ द्या."

एसटी आली. ती मागे न बघता गेली.


२५ मे, गुरुवार

एकीला वाचवायला तोंड उघडलं तर दुसरी बुडते. कुणाला विचारू?


२७ मे, शनिवार

दोन दिवस विचार करून एकच वाट दिसते. यादीचं नाव घ्यायचंच नाही. यादी चुकली म्हटलं की सगळ्यांच्या नोंदी उघडतात. हात चुकला म्हटलं की एकीचीच. मग सांगायचं — माझा हात चुकला. फक्त गंगासागरच्या नोंदीत. बाकी सगळं मी तपासलंय, ठीक आहे.

खोटं आहे. कबुली म्हणून खोटं बोलायचं! आणि त्यात अप्पा सुटतात, सर सुटतात. याचा राग येतो. खूप येतो. पण सत्यभामाचं नाव न घेता खरं कसं सांगायचं हे मला तरी सुचत नाही.


२८ मे, रविवार

मठाच्या सभागृहात तीसएक माणसं. मुलाचा काका माजलगावहून आलेला. रवि शेवटच्या ओळीत, मान खाली. 'शरणार्थ' असा सगळ्यांना नमस्कार करून उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली.

म्हटलं, गंगासागरच्या घरच्यांनी फॉर्मवर खरंच लिहिलं होतं. सोळा फेब्रुवारीला नंबर बदलताना माझ्या हातून चुकीचा शब्द निवडला गेला. तिच्या घरच्यांनी कुणालाही फसवलं नाही. चूक माझी एकटीची आहे.

पहिला बोलला तो काकाच. "चुकून झालं का मुद्दाम? दोघी सारख्या वयाच्या, मैत्रिणी असतीन."

"नाही. मी तिला ओळखतही नव्हते."

"अजून कुणाकुणाच्या नोंदी अशा नासवल्यात?"

आला तो प्रश्न. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "एकही नाही. सगळ्या तपासल्या." आवाज कापला नाही. इतकं सफाईने खोटं बोलता येतं मला, हे आजवर माहीत नव्हतं.

उत्तरेश्वर अप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. "पोरीनं कबूल केलं, लई मोठी गोष्ट हाय. मंडळ माजलगावच्या मंडळींना तसं पत्र देईल. पोरगी काही आता मंडळाच्या कामावर ऱ्हानार न्हाई." आणि माझ्याकडे न बघता बसले. त्यांची सुटका झाली ती त्यांच्या खांद्यांवरूनच दिसत होती.

बाहेर चपला घालताना रवि आला. मला वाटलं, आता बरं बोलेल. म्हणाला, "म्या त्या दिशी इचारलं तव्हा तुमी म्हणलाव, बघते. सतरा दिस बघत व्हत्या का? सतरा दिस माजी भन भिताडाकडं तोंड करून पडलीय." आणि गेला. त्याचं सगळंच्या सगळं बरोबर आहे.


३० मे, मंगळवार

सेंटरवरचा शेवटचा दिवस; सरांनीही कामावरून काढलं. सर म्हणाले, "सगळं घाण करून ठेवलंस." पण प्रमाणपत्र देतो म्हणाले.

जायच्या आधी दोन तास मागून घेतले. शेअर्डमधली यादी उघडली आणि चौथा शब्द परत घातला. 'जुनं आहे तसं दाखवा' सुरू केलं. मग चाळीसच्या चाळीस पानं एकेक उघडून पाहिली. साती जणी आपापल्या जागी आल्या, नावापुढे शब्द दिसायला लागला. गंगासागरची नोंद मी स्वतः दुरुस्त केली, एकचा चार. पुस्तकाच्या पानावर तो शब्द लपवायची सोयही केली — जी जानेवारीत अर्ध्या तासात झाली असती.

लग्न जमलेल्यांच्या नोंदी काढून टाकायच्या असतातच. सत्यभामाची काढली. डिसेंबरची सीडी दोन्ही हातांनी मोडली. एक कपची अंगठ्यात गेली. रक्त आलं. बरं वाटलं थोडं.

निदान एक गोष्ट तरी आता जशी हवी तशी करून ठेवली आहे. यापुढे त्या यादीमुळे कुणाचं वाटोळं होणार नाही.


४ जून, रविवार

मंडळाचं पत्र गेलं. माजलगावकरांचं उत्तर आलं — गैरसमज दूर झाला, त्या घराबद्दल काही तक्रार नाही. पण स्थळ नको.

आईला आज सगळं सांगितलं. खरं खरं, तेलगावसकट. तिने निवडलेले गहू डब्यात भरले. मग म्हणाली, "ती घुंगरमाळ कुठं ठेवलीस?" मी म्हटलं, कपाटात. "ऱ्हाऊ दे तिथंच." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.


७ जून, बुधवार

गंगासागर बालवाडीत जायला लागली म्हणे. मला बघायला जायचं धाडस झालं नाही.


११ जून, रविवार

आज ती आली. एकटी. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तर बसेना. मी हात जोडले, माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "माफी कशाची मागायलाव ताई? त्या दिवशी तुमच्या शेजारीच बसले व्हते मी. दिसलं मला. अविवाहित. तुमी सेव्ह करायच्या आधीच दिसलं. गप बसले. म्हणलं, कुणाला तरी तो शबुद काढू वाटला."

मी घाईघाईने म्हटलं, आता सगळं नीट केलंय गं, शब्द परत घातलाय, चाळीसही पानं तपासलीत, तुझी नोंद तर मी स्वतः…

ती जायला वळली, आणि उंबऱ्यातच थांबली.

"काढला व्हता ना ताई? मंग परत कावून घातला?"